बूनमधला न

अर्नी टकाचचा आवाज म्हणजे अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पूर्व भागातल्या हंगेरियन वस्तीची सार्वजनिक मालमत्ता होती. खनिजाच्या बोटी धक्क्याला लागायच्या, तेव्हा बोटीच्या पोटात उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला 'उचल', 'थांब', 'डावीकडे घे, आंधळ्या!' असं ओरडण्यात त्याची सगळी नोकरी गेली. पुढे सगळ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी आले. अर्नीने आपला कधी चालूच केला नाही, आणि क्रेनवाल्याचंही त्यावाचून काही अडलं नाही. रविवारी हाच आवाज गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, स्टोकर्सच्या, स्टेडियमात जायचा. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या कोपऱ्यात आरोळी उठायची ती अर्नीपासून. तो उभा राहिला की मागच्यापुढच्या रांगा बिअरचे पेले पायाशी ठेवून तयार व्हायच्या.

आणि आता या आवाजाचाच निकाल लागला होता. गळ्यात गाठ निघाली, ती वाईट निघाली, आणि येत्या मंगळवारी डॉक्टर अख्खं स्वरयंत्रच काढून टाकणार होते. नंतर गळ्याला यंत्र लावून बोलता येईल, असं डॉक्टरांनी समजावलं आणि नमुना म्हणून कुणाचं तरी बोलणंही ऐकवलं. अर्नीने ते ऐकलं आणि म्हणाला, "डॉक्टर, हा तर टोस्टर बोलतोय."

ही गोष्ट त्याने बायकोशिवाय कुणालाही कळू दिली नव्हती. मित्रांना सांगितलं, सर्दी आहे.

बायकोचं, मार्लीनचं, एकच मागणं होतं. त्यांच्या मुलीला, जूडीला, वसंत ऋतूत बाळ होणार होतं. त्या बाळाला आजोबाचा आवाज कधीच ऐकायला मिळणार नव्हता. तेव्हा फोनमध्ये दोन शब्द बोलून ठेव, एवढंच ती म्हणत होती. अर्नी फोन समोर घेऊन बसायचा. खाकरायचा. खुर्ची पुढे ओढायचा, मागे सरकवायचा. ज्या माणसाला गप्प बस म्हणून सांगताना शाळेतल्या मास्तरांच्या नाकी नऊ आले होते, त्याच्या तोंडून त्या चपट्या काचेसमोर एक अक्षर फुटेना.

"काय बोलू? मी तुझा आजोबा बोलतोय? हे काय रेडिओ स्टेशन आहे?"

"काहीही बोल ना. हवामान सांग."

"हवामान! बाळाला हवामान!" म्हणून तो उठून जायचा, तो थेट अंगणात पानं गोळा करायला.

खरं कारण मार्लीनला उमगलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्नी आवाज राखून ठेवत होता. आठवडाभर घरात कुजबुजत होता, मध चाटत होता, गळ्याला मफलर गुंडाळून हिंडत होता, आणि हे सगळं रविवारच्या सामन्यासाठी. त्याला शेवटचं एकदा मनसोक्त, आनंदाने ओरडायचं होतं. जन्मभर ओरडलो, आता एकदा पोटभर ओरडतो आणि मग काय कापायचं ते कापा, असा त्याचा हिशेब. मार्लीन म्हणाली, "पोटच्या पोरीच्या बाळासाठी नाही, आणि त्या गाढवांसाठी आवाज आहे तुझ्याकडे!" अर्नीने मफलरचा आणखी एक वेढा गळ्याला गुंडाळला. ती चुकीचं बोलत नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

पण आनंदाने ओरडायचं तर आनंद व्हायला हवा, आणि त्याच्या आड उभा होता वेस्ली बून.

बून हा स्टोकर्सचा नवा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात, डाव तो पुकारणार, चेंडू कुणाकडे जायचा ते तो ठरवणार. थोडक्यात, टीम जगली तरी त्याच्यामुळे आणि बुडाली तरी त्याच्यामुळे. कॉलेजातून यंदाच आलेला कोवळा गडी. आला तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. बेकऱ्यांमध्ये त्याच्या चेहऱ्याच्या बिस्किटांना रांगा लागल्या. पहिल्या सामन्याला तो मैदानात आला तशी अर्नीने उभं राहून हाक दिली, "बूऽऽऽन!" आणि ती हाक वरच्या मजल्यावरून खालपर्यंत फिरली. बूनने वर बघून हात हलवला होता. तो आपल्यालाच, असं अर्नी सगळ्यांना सांगायचा.

मग स्टोकर्स हरायला लागले. बून चेंडू फेकायचा तो बिनचूक समोरच्या टीमच्या हातात. नाही फेकला तर धरून उभा राहायचा आणि आडव्या अंगाचे चार राक्षस येऊन त्याला गवतात गाडायचे. अशाच एका पराभवात अर्नी उठला, छाती भरून हाक दिली, आणि शेवटचा न गिळून टाकला. "बूऽऽऽ!" तिकडे हुर्यो उडवतात ती 'बू' करूनच; नावाची हाक आणि हुर्यो यांत एवढ्या एका अक्षराचंच तर अंतर. त्यांचा कोपरा हसून हसून लोळला. पुढच्या रविवारी अख्ख्या स्टेडियमने तो न टाकून दिला होता. टीव्हीवाल्यांनीही ते दाखवलं, आणि अर्नी आठवडाभर छाती काढून हिंडला.

तर त्या रविवारी सामन्याआधी, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, शेगडीवर सॉसेज चरचरत होते आणि तळ्यावरून बोचरा वारा सुटला होता. अर्नीचा जुना दोस्त डेल कुबियाक चिमटा नाचवत बूनचा पंचनामा करत होता.

"त्या पोराला जेवताना मीठ मागून बघा. शेजारच्या टेबलावर फेकेल."

"आणि ते लोक थँक्यू म्हणतील," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात डेलचं लक्ष मार्लीनकडे गेलं. "अगं मार्लीन, तू? तू तर जूडीच्या जन्माआधीपासून आली नाहीस! घराला आग लागली की काय?"

"सहज आले," मार्लीन म्हणाली आणि फोन कोटाच्या खिशात ठेवला.

अर्नी काहीच खात नव्हता. शेगडीपासून गाडीपर्यंत जायचा, परत यायचा, टोपी काढायचा, घालायचा. "वेळ झाली, चला," असं तो कुजबुजला तेव्हा दरवाजेसुद्धा उघडले नव्हते.

"काय रे, सर्दी अजून गेली नाही?" डेलने विचारलं. "आज तुझ्याशिवाय कसं व्हायचं? त्या बूनची खरडपट्टी कोण काढणार?"

"बघू," अर्नी म्हणाला. मनात म्हणाला, आज खरडपट्टी नाही, आज एक तरी धड फेक रे पोरा.

पोराने फेकली नाही. पहिला चेंडू समोरच्यांनी झेलला. दुसऱ्यांदा बून स्वतःच्याच माणसाच्या पायात अडखळून पडला. मध्यंतरापर्यंत स्टोकर्स असे मागे पडले होते की लोक एकमेकांचे पुढच्या सुट्टीचे बेत विचारायला लागले. अर्नीच्या गळ्यात ती राखून ठेवलेली हाक नुसती अडकून पडली होती. तो दर दोन मिनिटांनी अर्धवट उठायचा, खाली बसायचा. सगळा कोपरा त्याच्याकडे बघत होता. 'उठ ना म्हाताऱ्या, कर सुरू,' असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. पण आयुष्यातली शेवटची आरोळी हुर्योवर खर्च करायला त्याचं मन घेईना, आणि दुसरं काही करण्यासारखं मैदानात घडेना. त्याला बूनचा असा राग आला, जणू गळ्यातली गाठही त्यानेच घातली असावी.

शेवटी गर्दीने त्याची वाट बघणं सोडलं आणि आपली आपणच हुर्यो सुरू केली. ती सुद्धा भलत्या वेळी. आपला क्वार्टरबॅक डाव पुकारत असला की घरच्या माणसांनी चिडीचूप राहायचं. गोंगाट करायचा तो पाहुण्यांची पाळी असताना. इथली पोरं चर्चमध्ये गप्प बसायला शिकतात ती याच्यानंतर. पण त्या दिवशी लोक एवढे पिसाळले होते की बून वाकून डाव पुकारतोय आणि स्टेडियम आपलं "बूऽऽऽ" करतंय. बूनने मागे वळून दोन्ही तळवे खाली दाबले. जरा शांत राहा, एवढंच.

झालं. आगीत तेलच पडलं.

"आम्हाला गप्प बस म्हणतो? आम्हाला?" डेल लालबुंद झाला. "आमच्या घरात येऊन!"

अर्नीचंही डोकं फिरलं. डॉक्टर म्हणतात बोलू नकोस, बायको म्हणते ओरडू नकोस, आणि आता हा मिशी न फुटलेला पोरगासुद्धा! तो उठलाच. एवढ्यात समोरच्या मोठ्या पडद्यावर बूनचा चेहरा आला. तोंड वासलेलं, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ, आणि शेजारचा धिप्पाड गडी कानाशी हात नेऊन विचारतोय, काय? काय म्हणालास? बून पुन्हा ओरडला. कुणालाच काही ऐकू गेलं नाही. एक गडी चेंडू सुटण्याआधीच हलला, शिट्टी वाजली, शिक्षा म्हणून टीम पाच यार्ड मागे गेली आणि हुर्यो दुप्पट झाली.

अर्नी उभाच राहिला. त्याला बोटीचं पोट आठवलं. वर क्रेनचं इंजिन बिघडून असंच खडखडत होतं, लोखंडी बादली त्याच्या डोक्यावर उतरत होती, आणि तो "थांब, थांब" म्हणून बोंबलत होता, पण वर काही पोचत नव्हतं. त्या दिवशी तो भिंतीला चिकटला म्हणून वाचला. घसा फोडून ओरडायचं आणि कुणाला ऐकू जायचं नाही, हे काय असतं ते त्या स्टेडियमात अर्नीइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचा हात आपोआप मफलरवर गेला. हे पोरगं माझ्या आधीच मुकं झालंय, त्याला वाटलं, आणि ते केलं कुणी, तर मीच.

बूनच्या प्रशिक्षकाने डाव थोडा वेळ थांबवला. बून मान खाली घालून कडेला चालत निघाला. अर्नीने मफलर सोडला, छाती भरून घेतली आणि आठवडाभर मध चाटून राखलेली हाक मोकळी सोडली.

"बूऽऽऽ"

आणि तिथेच आवाज फाटला. न निघालाच नाही. गळ्यातून नुसती हवा आली.

कोपरा आनंदाने पेटला. म्हातारा उठला एकदाचा! "बूऽऽऽ!" रांगामागून रांगा उठल्या. डेलने त्याच्या पाठीत थाप मारली. अर्नी मान हलवत होता, दोन्ही हातांनी नाही-नाही म्हणत होता, ओठ त्या एका अक्षरासाठी धडपडत होते. लोकांना वाटलं, रागाने थरथरतोय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची हाक होती, आणि ती सुद्धा शिवी झाली.

तेव्हा मार्लीन बाकावर चढली. जन्मात कधी न ओरडलेली, चर्चमध्येसुद्धा ओठांतल्या ओठांत गाणारी बाई.

"न!" ती किंचाळली. "न! तो बू नाही म्हणत, मूर्खांनो, तो बून म्हणतोय! मंगळवारी त्याचा गळा कापून काढणार आहेत. त्याच्याच्याने न निघत नाही. तुम्ही तरी लावा!"

आजूबाजूच्या रांगा एकदम गप्प झाल्या. डेल अर्नीकडे वळला. "सर्दी म्हणालास ना रे," तो हळूच म्हणाला. "लेका, सर्दी म्हणालास." मग त्याने टोपी काढून बाकावर आपटली, मैदानाकडे तोंड केलं आणि हाक दिली. "बूऽऽऽन!" न वर असा जोर दिला की पुढच्या माणसाच्या मानेवर थुंकी उडाली. त्याच्या मागून रांग, रांगेमागून कोपरा. "बूऽऽऽन!" बाकीचं स्टेडियम आपली हुर्योच करत होतं, आणि खाली बूनला त्यातला न ऐकू गेला की नाही, देव जाणे. वर बघितल्यासारखं त्याने केलं खरं.

डाव पुन्हा मांडला तेव्हा अर्नीने दोन्ही तळवे खाली दाबले, बूनने दाबले होते तसेच. सगळा कोपरा चिडीचूप झाला. एवढ्या मोठ्या स्टेडियमात एका कोपऱ्याच्या गप्प बसण्याने काय होतंय? पण बूनने चेंडू फेकला आणि चक्क आपल्याच माणसाने झेलला. डेलने मार्लीनला मिठी मारली. त्यानंतरच्या दुसऱ्याच डावात बूनने चेंडू समोरच्यांना बहाल केला आणि स्टोकर्स रीतसर हरले.

गाडीत बसल्यावर अर्नीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग कुजबुजला, "सगळ्यांसमोर सांगितलंस."

"हो, सांगितलं." मार्लीनने खिशातून फोन काढला. "तू अर्धवट उठायला लागलास तेव्हाच चालू केला होता. म्हटलं, घरी बोलणार नाहीस, इथे तर ओरडशील."

तिने बटण दाबलं. आधी वारा, डेलची बडबड, मग अर्नीचा आवाज. भरदार, रुंद, बोटीच्या पोटातून क्रेनपर्यंत जाणारा तोच आवाज, आणि मग तो फाटला. पुढे गोंगाट. बराच गोंगाट. आणि मग चिरक्या आवाजात मार्लीन, "न!"

अर्नीने पुन्हा लाव म्हणून बोटाने खूण केली. तिने लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने मफलरने डोळे पुसले.

"जूडीला पाठव," तो म्हणाला. मग मफलर पुन्हा गुंडाळत, "तुझा न जरा चढाच लागलाय."

मंगळवारपर्यंत तो आणखीही बरंच कुजबुजला असेल. पण मार्लीनला विचाराल तर त्याचं शेवटचं बोलणं म्हणून ती हेच सांगते.