त्रिशला टीचर आणि पाणलाव्याचं घरटं

त्रिशला टीचरांचा आवाज मोठा. चिकोडीजवळच्या खेड्यातून खो-खो खेळत त्या बेळगावला आल्या, मुलींच्या शाळेत पीटी टीचर झाल्या, आणि रिटायर होईपर्यंत मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोरी सरळ करत राहिल्या. शिट्टी गळ्यात नावापुरती. मुलगी असल्यानं वडिलांनी एकदा त्यांना राज्य पातळीवरच्या सामन्याला जाऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून राग नाकावर बसला तो उठलाच नाही, असं त्यांची बहीण सांगते.

लग्न केलं नाही. गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, चालत राहा. म्हणून त्या मार्कंडेय नदीच्या काठाला लागल्या. शहर संपतं तिथल्या वळणावर नदीचं पाणी पसरून पाणथळ झालंय. एका अंगाला वीटभट्टी, दुसऱ्या अंगाला घरांचे प्लॉट पाडलेला नवा लेआउट, मधे लव्हाळं, चिखल, आणि चिकनच्या दुकानांनी आणून टाकलेल्या पिसांच्या गोण्या. तिथं त्यांना नागेंद्र भेटला. रेल्वेत गार्ड होता, तोही रिटायर. त्यानं स्वतःची दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि चिखलातला ढोकरी बगळा दाखवला. टीचरांना ते मातीचं ढेकूळ वाटलं. ढेकळानं पंख उघडले तर आत सगळं पांढरंशुभ्र. त्या सकाळी टीचर घरी जाईपर्यंत गप्प होत्या.

मग रोजचंच झालं. तो आक्का म्हणायचा, त्या अण्णा म्हणायच्या. हळूहळू आणखी माणसं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला. पण घरट्यांची गोष्ट दोघांतच राहायची. तो नियम नागेंद्रनंच घातला होता.

गेल्या श्रावणात लव्हाळ्यात रंगीत पाणलाव्याचं घरटं सापडलं. या पक्ष्यात रंग मादीला. ती अंडी घालून निघून जाते आणि मळकट दिसणारा नर अंड्यांवर बसतो. टीचरांना हे भारी आवडलं. रोज लांबून एकदा बघायचं आणि मागं फिरायचं, असं चाललं होतं.

एका रविवारी त्या पोचल्या तर लेआउटच्या रस्त्यावर मोठी गाडी उभी. लव्हाळ्यात दोन माणसं, हातात विळे. घरट्याभोवतीचं गवत गोल कापून काढलेलं, आणि समोर स्टँडवर हातभर लांबीचा कॅमेरा. नर उन्हात उघडा बसला होता, चोच वासून. काठावर नागेंद्र उभा होता.

"अण्णा, ही कोण माणसं?"

"आक्का, जरा हळू. जावयाचे साहेब आहेत, धारवाडचे. पाच मिनिटांत जातील."

"तू सांगितलास ह्यांना?"

टीचरांनी चपला काढल्या आणि बदललेला गुडघा घेऊन सरळ चिखलात उतरल्या. जाऊन कॅमेऱ्याच्या पुढं उभ्या राहिल्या. आधी कानडीत बोलल्या, मग मराठीत, आणि वीटभट्टीवरची माणसं काम टाकून बघायला लागली. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, गवत काय, परत उगवतं."

"गवत उगवतंय. अंडी उगवत न्हाईत."

साहेबांनी कॅमेरा उचलला. फोटो त्यांना मिळाला होता. नर मात्र गडबडीत उडाला तो परत आला नाही. टीचर कापलेलं लव्हाळं उचलून घरट्यावर आडोसा करत होत्या, हात चिरत होते. नागेंद्र मदतीला उतरला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तू वरच थांब." दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी अंडी फोडलेली होती.

हिवाळ्यात शहरातल्या एका हॉलमध्ये पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. दारातून आत गेल्याबरोबर तोच फोटो, भिंतीएवढा. चोच वासलेला नर, आणि खाली लिहिलेलं, 'बापाची माया'. वर पहिल्या बक्षिसाची फीत. ऊन लागून तडफडण्याला माया म्हणतात हे लोक. बक्षीस द्यायच्या वेळी त्या खुर्चीवरून उठल्या आणि मैदानावरच्या आवाजात बोलल्या. विळे कुणाचे, गवत किती कापलं, दुसऱ्या दिवशी काय झालं, सगळं.

"मॅडम, आपण नंतर बोलू," आयोजक म्हणाले.

"नंतर कुणाशी? अंडी तर गेली."

तरी बक्षीस दिलं गेलं. टाळ्या मात्र कमी पडल्या. संध्याकाळी टीचरांना ग्रुपमधून काढून टाकलं. कुणी काढलं हे त्यांनी विचारलंही नाही.

यंदा पाऊस लागल्यापासून त्या रोज सकाळी पाणथळाकडं जाणाऱ्या पायवाटेवर उभ्या राहतात. दुर्बीणवाल्यांना सोडतात, विळा किंवा कोयता दिसला की अडवतात. एकानं पोलिसांत तक्रार केली. चौकशीला प्रियदर्शनी आली, एकेकाळी त्यांच्याच खो-खोच्या टीममधली.

"टीचर, वाट सरकारी आहे. तुम्हाला अडवता येणार न्हाई."

"मग तू अडव. तुझ्याकडं काठी आहे."

"तसं कसं चालंल?"

"ते कसं चालतंय, त्यांचं?"

प्रियदर्शनीनं टोपी काढून घाम पुसला. तक्रारदाराला समज देते म्हणाली, आणि जाताना खरंच त्याच्या गाडीतला कोयता जप्त करून घेऊन गेली. टीचरांचा राग त्यानं उतरला नाही. एक कोयता गेला, दुकानात पन्नास आहेत.

एकदा नागेंद्र वाटेवर आला. वाळला होता. जावयाची बढती झाली, हे टीचरांना बहिणीकडून कळलं होतं.

"आक्का, लई चुकलं माझं. माफ कर."

"माझी माफी कशाला मागतोस?"

"मग कुणाची मागू?"

टीचरांना त्याची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. त्यांना पहिला पक्षी दाखवणारा माणूस हाच होता, हे विसरता येत असतं तर सोपं गेलं असतं. त्या वाटेवरून बाजूला झाल्या, त्याला जाऊ दिलं, आणि रस्त्यावर येऊन थांबलेल्या पुढच्या गाडीकडं वळल्या.