गालावरचा मस

नातीने परवा मोबाइलवर माझा फोटो काढला आणि नुसतं बोट फिरवून गालावरचे डाग घालवले. "आजोबा, बघा, किती छान दिसता." मला तो फोटो बघवेना.

सत्तरच्या दशकात शहरातल्या सदर भागात माझा छोटासा स्टुडिओ होता. बेवारस प्रेत सापडलं की पोलीस फोटोसाठी मला न्यायचे. एकदा सक्करदऱ्याच्या तलावात एक म्हातारा सापडला. पाण्याने चेहरा पार सुजला होता. दुकानात येऊन मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली आणि त्याच्या गालावरचा मोठा मस फोटोतून काढून टाकला. लग्नाच्या फोटोंवर रोज तेच करायचो; हाताला सवय होती.

आठवड्याने ठाण्यात गेलो, तर भिवापूरहून आलेली एक बाई तोच फोटो निरखत होती. प्रेत तोवर जाळून झालं होतं.

"हा नोहे," ती हवालदाराला म्हणाली. "माह्या बापाच्या गालावर मस हाये. बोराएवढा."

माझ्या बोटांना अजून फोटो धुवायच्या हायपोचा वास येत होता. मी ती खिशात घातली. तिचं समाधान मोडू नये म्हणून गप्प बसलो, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर पोलिसांचं काम जाईल, एवढीच भीती होती.

फोटो मी काढला हे कळल्यावर ती जाताना माझ्यापाशी थांबली.

"बरं झालं भाऊ, फोटो इतका साफ काढला तुमी. नाही तं रडतच गेली असती मी."