निळ्या फौजेची पुढची तारीख

माझ्या उजव्या हाताच्या नखांत कायम निळा रंग असायचा. अंबडच्या कोर्टात, वकिलांच्या बार रूममध्ये कुणी विचारलं, की मी तो शिक्क्याच्या शाईवर ढकलायचो. खरं कारण घरी जेवणाच्या टेबलावर उभं होतं. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, एक फौज निळी, एक लाल, सगळे मीच रंगवलेले. थर्माकोलच्या टेकड्या, आणि जमीन म्हणून शेतातली काळी माती चाळून डिंकात कालवलेली. फासा टाकायचा, टेपने अंतर मोजायचं, तेवढंच सैन्य सरकवायचं. पुण्यात वकिली शिकताना खोलीतल्या मित्राने हे वेड लावलं. अधूनमधून तो इकडे चक्कर टाकायचा, तेव्हा डाव रंगायचा. पुढे तो परदेशी गेला आणि मी एकटाच दोन्हीकडून लढायला लागलो.

वकिलाला दोन्ही बाजू मांडता येतात, पण स्वतःलाच हरवण्यात काय मजा? माझा ओढा लालकडे, त्यामुळे निळे बिचारे कायम मार खायचे. नुसता वैताग आला होता. समोर माणूस हवा होता, आणि तो मिळवायचा तर आधी तोंड उघडायला हवं होतं.

एका दुपारी डबा खाताना पुन्हा नखांचा विषय निघाला आणि मी सगळं सांगून मोकळा झालो. वाटलं होतं तेच झालं.

"म्हंजे वकीलसाहेब घरी भातुकली खेळून राह्यले!" म्हणता म्हणता एकाला ठसका लागला.

दुसरा म्हणाला, "पक्षकाराला कळलं तर वकीलपत्र काढून घेईन तो."

माझे कान तापले. तेवढ्यात बांधाच्या दाव्यांत नेहमी माझ्याविरुद्ध उभे राहणारे वकील भाकरी मोडता मोडता म्हणाले, "रविवारी येतो मी."

आणि खरंच आले. आधी नियमांचं पुस्तक कायद्यासारखं चाळलं, हरकती घेतल्या, मग निळी फौज पत्करली. जेवणवेळेपर्यंत मी त्यांचे घोडेस्वार टेकडी आणि ओढ्याच्या मध्ये कोंडले. कितीतरी काळाने मी दुसऱ्या कुणाला घाम फोडत होतो! मला इतका आनंद झाला की बसवेना. ते फासा हातात घोळवत टेबलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तारीख द्या."

"इथं तारीख नसते, साहेब."

"कशी न्हाई? बिनतयारीचा युक्तिवाद करू का? पुढचा रविवार धरा." त्यांनी मोबाइलने टेबलाचा वरून फोटो काढला, चहा घेतला आणि गेले.

त्या आठवड्यात माझ्या जिवाला चैन नव्हती. टेबल अडलेलं, म्हणून आम्ही खाली बसून जेवत होतो. "अहो, निकाल कधी लागायचा?" बायको विचारायची. त्यात तो फोटो वकिलांच्या ग्रुपवर झळकला, खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पुढचं न वाचताच मी ग्रुप बंद केला. हा माणूस खेळायला नाही, तमाशा बघायला आला होता तर! मी बार रूम टाळली, चहा बाहेरच्या टपरीवर घेतला. संताप होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. कशाला बोललो?

रविवारी दुपार कलली तरी कुणी आलं नाही. येणारही नव्हतं. डाव आवरायला मी सैनिकांचा डबा काढला आणि कोंडलेल्या घोडेस्वारांतला एक उचलला. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

ते आले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ, बार रूममध्ये सगळ्यांत जास्त हसलेले ते दोघे.

"ग्रुपवर विचारलं, घोडे कसे सोडवू? तर हे दोघं सकाळपासून भांडून राह्यले. मंग घेऊनच आलो. तुम्ही वाचलं न्हाई का?"

तिघे टेबलावर वाकले. निळ्या फौजेच्या वकिलांनी मोबाइल काढला, फोटो आणि टेबल ताडून पाहिलं.

"एक घोडेस्वार कमी हाय," ते म्हणाले.

मी मूठ उघडली आणि घोडा जागेवर ठेवू लागलो.

"जरा डावीकडं. अजून जरा. हां, बराबर."

घोडा दोनदा आडवा पडला. या वेळी कुणी हसलं नाही.