नोंदीच्या कागदावर माझं नाव

आमच्या विद्यापीठाच्या रेकॉर्डच्या खोलीत बावीस वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणतात. विद्यार्थ्याची फाइल फक्त विद्यार्थ्यालाच, नाहीतर त्याच्या सहीची चिठ्ठी आणणाऱ्याला. बाकी कुणीही येवो, बाई चष्म्यावरून बघतात आणि परत पाठवतात. प्रत्येक फाइलच्या आत वरच एक नोंदीचा कागद असतो: कोणी पाहिली, कधी, कारण काय.

मी शेजारच्या टेबलावर. नको तिथे नाक खुपसायची मला सवय आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे या बाई मला कोड्यातच टाकत. एवढ्या फायली हाताशी, आणि एकदाही उघडून बघावंसं वाटत नाही?

मध्यंतरी त्यांचे धाकटे भाऊ आले. या भावाची मुलगी आमच्याकडेच वकिली शिकत होती, पण हल्ली घरात धड बोलत नव्हती, आत्याकडेही फिरकत नव्हती.

"ताई, नुसती नजर टाक. पास होतेय ना, एवढंच सांग."

"तिची चिठ्ठी आण."

"अगं, बाप आहे मी तिचा."

"ती वीस वर्षांची आहे. तिलाच विचार की."

भाऊ तणतणत गेले. पुढे आठवडाभर बाईंना घरचा एक फोन नाही. बाईंचा डबाही न उघडता तसाच परत जाऊ लागला. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बेचैनी होती. त्या फाइलमध्ये असेल तरी काय?

बाई चहाला गेल्या तेव्हा मी ती काढलीच. पोरीने वकिली कधीच सोडली होती. भूगर्भशास्त्र घेतलं होतं, आणि मार्क झकास. मी नाडी बांधून फाइल जागच्या जागी ठेवली.

बाई आल्या आणि कपाटापाशी थबकल्या.

"गाठ तुमची आहे," म्हणाल्या. त्या नेहमी डाव्या कडेला बांधतात, मी बुटाची बांधतो तशी मधोमध बांधली होती.

मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "आत काय आहे ते मला सांगायचं नाही. नाव लिहा."

कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: उत्सुकता. साहेबांकडून लेखी समजही मिळाली. तक्रार अर्थातच बाईंची.

चार दिवसांनी ती मुलगी स्वतः आली. आत्याकडे न बघता म्हणाली, "मला माझी फाइल बघायची आहे."

नोंदीचा कागद तिने दोनदा वाचला. त्यावर एकच नाव, माझं. मी तिची माफी मागितली. शरमेने कान तापले होते. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

"आत्या, तू नाही पाहिलीस?"

"नाही."

"कधीच?"

"तू दाखवली नाहीस."

"मला वाटलं, तुला सगळं माहीत असणार. म्हणून तर येत नव्हते."

मुलीने माझ्याच टेबलावरचा कागद ओढला, आत्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली, सही केली. "बाबांना मी सांगते. आधी तू बघ."

बाईंनी चष्मा पुसला. पण पान उलटण्याआधी माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली, आणि कारणाच्या रकान्यात सावकाश लिहिलं: तिने दाखवली.