गोरख पाटलाचा भारद्वाज

आमच्या गावचा पोलीस पाटील गोरख. माणूस वाईट नाही, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. वेल्ह्याकडच्या या डोंगरात पोलिसांचं काम ते काय? किल्ल्यावर वाट चुकलेली पुण्याची पोरं हुडकायची, नाहीतर एखादी हातभट्टी फोडायची. दोन्ही वेळा वाट दाखवायला गोरखच पुढं. आणि दरवेळी तो साहेबांना सांगणार, "साहेब, निघताना भारद्वाज दिसला की मोहीम फत्ते. आमच्या डोंगराचा कायदाच हाय त्यो."

मग थोडं चालून गेलं की करवंदीच्या जाळीतून तांबड्या पंखांचा भारद्वाज डौलात बाहेर! शिपाई हात जोडायचे, गोरख छाती फुगवायचा. अहो, दिसणारच की! त्या पाखराचा बारा महिने तिथंच मुक्काम, आणि हा लबाड सरळ वाट सोडून पथकाला मुद्दाम वळशानं तिथनं नेतो. गावात सगळ्यांना ठाऊक. पण पाखरू दिसलं की साहेबांचा पारा उतरतो, गावाला शिव्या कमी बसतात, म्हणून आम्हीही माना डोलवायचो. भारद्वाजाची ही महती पार नसरापूरच्या वडापच्या जीपवाल्यांपर्यंत पोचली.

गेल्या श्रावणात गोरखची आई साळूबाई करटुल्याची रानभाजी आणायला पठारावर जाते म्हणून गेली, ती दुपार टळली तरी आली नाही. गोरखनं हाका मारमारून शिवार पालथं घातलं, मग पोलिसांना फोन केला. नवे फौजदार मानसिंग शिपाई घेऊन आले. गोरखचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

"साहेब, बिगी बिगी चला, धुकं उतरायच्या आत पठार गाठू."

"थांबा पाटील. आधी भारद्वाज."

"आज पाखराचं ऱ्हाऊ द्या वो!"

"असं कसं? तुमच्या आईचा प्रश्न आहे. आधीच्या साहेबांनी मला बजावून सांगितलंय."

"अवो, म्याच मारलेली थाप हाय ती! आयेची शपथ!"

फौजदारांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो."

घ्या! आम्हाला हसावं की रडावं कळेना. पथक वळशानं जाळीपाशी गेलं, मागनं आम्ही गावकरी. आणि नेमका त्याच दिवशी भारद्वाजाचा पत्ता नाही. फौजदारांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना खाली बसवलं. शिट्ट्या बंद, हाका बंद. गोरख गुडघ्यात डोकं घालून मुकाट रडत होता. लई दया आली मला त्याची, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात जाळीच्या पल्याड, ओहोळातनं बसलेल्या घशाचा आवाज आला. "मेल्यांनो, हितं हाय मी!"

सगळे धावलो. साळूबाई पाय मुरगळून दगडांत पडलेली. गुडघे दुखायला लागले म्हणून ती पठारावर गेलीच नव्हती, इथंच ओहोळाकाठी करटुली शोधत होती. सरळ वाटेनं गेलो असतो, तर अंधार पडेस्तवर तिला वरच हुडकत बसलो असतो. भारद्वाज मात्र त्या दिवशी दिसला नाही तो नाहीच.

गोरखनं आईचे पाय धरले आणि पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "आये, कुठं कुठं हाका मारल्या गं तुला!"

"ऐकल्या की समद्या," साळूबाई म्हणाली. "मीबी तुला वरडून सांगत हुते. पर तू गप बसशील तवा ऐकशील ना रं!"

गोरखनं डोळे पुसले आणि तिला पाठीवर घेतलं. गाव येईस्तोवर तो अवाक्षर बोलला नाही.