तीर्थपुरीच्या चुलीवर थर्मोस्टॅट

जालन्याला डोळ्यांचे डॉक्टर थोड्या दिवसांसाठी आले आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, तीर्थपुरीहून आणायचं ठरलं. मोतीबिंदूनं त्यांना जवळपास काहीच दिसत नव्हतं आणि बैलगाडीत कंबर धरायची. माझी जुनी विलायती स्पोर्ट्स मोटार दोघांपुरतीच, म्हणून मी एकटाच निघालो.

तिकडे मोटारीनं जाणार असाल तर पेट्रोल जालन्यातच भरा आणि एक डबा बरोबर ठेवा. अंबडपर्यंत मुरमाचा रस्ता बरा आहे, पुढे गाडीवाट. अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीखाली दोन आण्यांत भजी आणि चहा मिळतो. मी मात्र तो चहा मोटारीतून निघणाऱ्या वाफेकडे बघत प्यालो. हुरड्याचे दिवस, अंगात स्वेटर, आणि इंजिन उकळत होतं! निघण्यापूर्वी मी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ही पितळी झडप थंड मुलखासाठी. आपल्याकडे ती नसली तर पाणी मोकळं फिरेल, असा माझा तर्क. मग हे असं का?

थांबत थांबत तीर्थपुरी गाठली. मेहुणा विठ्ठल वाफ बघून हसायला लागला. "दाजी, मोटार आणली का चहाची किटली?"

आक्का ऑपरेशनला घाबरल्या होत्या. त्यांना निमित्तच हवं होतं. "वाटंत एकदा जरी फुसफुसली, तर मागं फिरायचं. कबूल?"

मी कबूल केलं. डॉक्टर परवा जाणार होते.

सकाळी अंगणात इंजिन चालू करून नळ्यांना हात लावत बसलो. वाफ निघायची वेळ आली तरी रेडिएटर नुसता कोमट. इंजिनाच्या कडेची एक आखूड नळी मात्र हात भाजेल इतकी गरम. तेव्हा उमगलं. पाणी निवायला रेडिएटरकडे जातच नव्हतं. या जवळच्या वाटेनं परत इंजिनात शिरत होतं. झडप तापून उघडते तेव्हा ही जवळची वाट बंद करते. तीच मी काढली होती.

हत्यारांच्या पेटीत दोन थर्मोस्टॅट होते, एक मूळचा आणि एक मुंबईहून मागवलेला. लवकर कोणता उघडतो? दोन्ही दोऱ्यांना बांधून चुलीवरच्या पातेल्यात सोडले.

"काय शिजवून राह्यलात?" आक्कांनी विचारलं.

"झडपा."

"मीठ घाला मंग."

मुंबईचा आधी उघडला. मूळचा पाणी उकळायला आल्यावर. मुंबईचा बसवला. तेवढ्यात विठ्ठलनं रेडिएटरच्या जाळीत अडकलेली कुसळं काढली.

परतताना आक्का कान देऊन बसल्या होत्या. अंबड मागं पडलं, तरी पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा जागचा हलला नाही. दुधना नदीच्या वाळूतून चढ घेताना मात्र तो वर सरकू लागला. आक्कांना काटा दिसत नव्हता. गप्प राहिलो असतो तर त्यांना कळलंही नसतं. पण शब्द त्यांनी माझ्यावर विसंबून घेतला होता.

"आक्का, काटा वर चाललाय."

त्या पदर डोक्यावर घट्ट ओढून म्हणाल्या, "फुसफुसली तर न्हाई ना? चला."

चढ संपला तसा काटा हळूहळू खाली आला.

गुण झडपेचा किती आणि जाळी साफ केल्याचा किती, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही एकदम करायला नको होतं. पण तुमच्या मोटारीला अशी आखूड नळी असेल, तर थर्मोस्टॅट काढू नका. आपल्या हवेत लवकर उघडणारा निवडा.

पुढे आक्कांची पट्टी सुटली, जाड चष्मा आला. आमच्या अंगणात त्या मोटारीभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एवढीशीच हाय? आदी दिसली असती, तर म्या बसलेच नसते."