शेंगा फोडायचं यंत्र आणि दोस्ताचे आबा

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. परभणीच्या आमच्या शाळेत सर गणित मराठीत शिकवायचे, रागवायचे मात्र उर्दूतच. शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या दोस्तानं मिळून भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र बनवलं. बाभळीचा सांगाडा, कडबा कापायच्या मोडक्या यंत्राची दातेरी चाकं आणि फिरवायला दांडा. लय ऐटीत होतो आम्ही.

दोस्त पेडगावकडचा, घरी मेंढरं. "पोरगं शिकून काय दिवे लावायलंय ते येऊन बघतो, न्हाईतर हाय मेंढरामागं," असा त्याच्या आबांचा निरोप आला होता. यंत्र चाललं तर शाळा, नाही तर मेंढरं, असा सरळ मामला.

आबा आले. पूजा झाल्याशिवाय नव्या यंत्राला हात लावू देईनात. त्यांनीच हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि कुंकवात कालवलेल्या ज्वारीच्या मूठभर अक्षता टाकल्या. आमच्याकडं लग्नातही अक्षता ज्वारीच्याच. मग दोस्तानं शेंगा ओतून दांडा फिरवला. अर्धा फेरा झाला आणि यंत्र जागच्या जागी गच्च.

मी तापलोच. "काल कसं झकास फिरत होतं! तूच चाकांचा आस ठोकून वाकडा केलास." आम्ही शेंगा उपसल्या, आसाला एरंडेल पाजलं, नट ढिले केले. दांडा हूं की चूं करीना. आबा उभ्यानंच बघत होते. शेवटी दोस्तानं चाकांवरची फळी काढली, आत बोट घातलं आणि थांबला. फळीच्या फटीतून पडलेली लाल ज्वारी दातांच्या खाचांत ठासून बसली होती.

मी तोंड उघडणार तोच त्यानं माझा पाय दाबला. दाणे हळूच टिपून मुठीत धरले आणि म्हणाला, "आबा, माझंच चुकलं. चाकं लय जवळ बसवली."

गेली याची शाळा, मी मनात म्हटलं. आबांनी पटक्याच्या टोकानं मान पुसली.

"चुकलं म्हनतूस, मग अर्ध्यावर टाकून मेंढरामागं कसा येशील? नीट केल्याबिगर घरी येऊ नको."

दोस्त "व्हय" म्हणाला आणि उगीचच पुन्हा चाकांवर वाकला. चाकं तर केव्हाच मोकळी झाली होती. मला मात्र रडू आवरेना.